दर पाच मिनिटांनी निवांतराव

ऑफिसात त्याला जमदग्नी म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर'. जमदग्नी पाठ वळल्यावर. हे त्याला ठाऊक होतं, त्याचाही त्याला राग येई, आणि त्यामुळे ते नाव शिक्का मारल्यासारखं पक्कं झालं होतं.

कंपनी पाण्याचे पंप बनवायची. पंपांचं काही का असेना, ऑफिस चकचकीत होतं. चार मजले, काचेची दारं आणि प्रत्येक मजल्यावर 'आपण एक कुटुंब आहोत' असा फलक. या कुटुंबात अकराशे चाळीस माणसं होती. ती नेमकी कोण, हे तळमजल्यावरच्या एका थंड खोलीतली चार यंत्रं सांगत. त्या यंत्रांत डिरेक्टरी होती, आणि डिरेक्टरी म्हणजे काय हे जमदग्नी आपल्या साहेबांना नऊ वर्षं समजावत होता.

"साहेब, कंपनीत कोण आहे आणि कोण नाही, हे ती ठरवते. तुम्ही दाराला कार्ड लावलं की दार तिला विचारतं. प्रिंटर तिला विचारतो, ईमेल तिला विचारतं. ती हो म्हणाली तर तुम्ही आहात."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर तुम्ही बाहेर."

साहेब हसले होते. मग मागच्या महिन्यात एका सोमवारी डिरेक्टरी सत्तेचाळीस मिनिटं गप्प झाली आणि साहेब पाच पाहुण्यांसमवेत काचेच्या दाराबाहेर कार्ड घासत उभे राहिले. नऊ वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते सत्तेचाळीस मिनिटांत शिरलं. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: डिरेक्टरीवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. आणि स्वागतकक्षातून दिसेल असा मोठा पडदा लावा. त्यावर सगळं हिरवं हवं. महिन्याभराने सॉफ्टवेअरचं खोकं आलं, तेव्हा जमदग्नी पुन्हा साहेबांकडे गेला.

"यंत्रं जुनी झालीत, साहेब. आठ महिने लिहून देतोय. पडदा लावून ती बरी होणार नाहीत. आजारी आहेत एवढंच सगळ्यांना दिसेल."

"हाच. हाच तुमचा सूर," साहेब बोट हलवत म्हणाले. "माणूस हुशार आहात हो, पण जरा निवांत घ्या. मागच्या मूल्यमापनातसुद्धा मी तेच लिहिलं होतं."

जमदग्नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आठवड्यात त्याला ती मस्तकातच ठेवायची होती. कारण ऑफिसात नव्हतं, घरी होतं.

त्याच्या मुलीने आइसक्रीमच्या काड्यांचा एक पूल बांधायला घेतला होता. चौदा वर्षांची पोर, तेवीस दिवस जेवणाच्या टेबलावर वाकून गोंद लावत होती. ज्या सोमवारी डिरेक्टरी गप्प झाली त्या संध्याकाळी तो फोनवर कोणावर तरी ओरडत घरात शिरला, आणि बोलता बोलता त्याचा हात असा काही फिरला की पूल भिंतीवर जाऊन आपटला. मुलगी रडली नाही. तिने काड्या गोळा केल्या, खोक्यात भरल्या, आणि त्या दिवसापासून ती बापाला 'अरे बाबा' ऐवजी 'अहो बाबा' म्हणू लागली. "अहो बाबा, मीठ देता का?" एवढंच. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी त्याचा इतका अपमान केला नव्हता.

महिनाभराने तिने पूल पुन्हा सुरू केला. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दोन आठवडे. या शुक्रवारपासून पुढचे दोन आठवडे. तेवढ्यात तिचा पूल होईल. शेवटची काडी तुम्ही तिच्याबरोबर बसून लावायची. मधे एकदा जरी आवाज चढला, तर मी तिला घेऊन माझ्या भावाकडे जाणार. आणि या वेळी परत येण्याचं बोलणं माझ्याकडून निघणार नाही."

ती शांतपणे बोलली होती. त्यामुळे ते खरं होतं.

तर त्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे त्या दोन आठवड्यांच्या चौथ्या दिवशी, जमदग्नी ते सॉफ्टवेअर बसवत होता आणि साहेब त्याच्या खुर्चीमागे उभे होते. ज्यांना काम येत नाही त्यांना ते होताना बघायला फार आवडतं.

खोक्यात तापमान मोजणाऱ्या दोन पांढऱ्या डब्या आल्या होत्या. एक त्याने यंत्रांच्या खोलीत लावली. दुसरीचं काय करायचं सुचेना, म्हणून चाचणीपुरती आपल्या टेबलाच्या कडेला चिकटवली. पडद्यावर 'टेबल: २५ अंश' असा एक चौकोन उमटला.

मग खोटा माणूस बनवायचा होता. अशा सॉफ्टवेअरला एक खोटा माणूस लागतोच. दर पाच मिनिटांनी तो चारही यंत्रांच्या दारात जातो, नाव सांगतो, पासवर्ड सांगतो, आत येऊन एक ओळ वाचतो आणि बाहेर पडतो. त्याला घेतलं तर चौकोन हिरवा, ताटकळत ठेवलं तर पिवळा, हाकललं तर लाल. या माणसाला काडीचाही अधिकार द्यायचा नसतो. माहितीपुस्तिकेत ते ठळक अक्षरांत असतं. जमदग्नीने स्वतः ते किमान चार जणांना ओरडून शिकवलं होतं. त्यातल्या दोघांनी नोकरी सोडली होती.

पण नव्या खात्याचा फॉर्म एकतीस रकान्यांचा होता. एचआरने तो वर्षानुवर्षं वाढवत नेला होता. रक्तगट, चपलेचं माप (कारखान्यात बूट देतात म्हणून), संकटसमयी कोणाला कळवावं, चहा की कॉफी. एकही रकाना रिकामा सोडता येत नसे.

"झालं का?" मागून साहेब.

"होतंय."

"पाच वाजता पाहुणे आहेत हो."

"होतंय म्हटलं ना."

त्याने स्वतःच्या नावावर बाण नेला आणि 'सर्व माहितीसह नक्कल करा' हे बटण दाबलं. एकतीसच्या एकतीस रकाने झटक्यात भरले, त्याच्या अधिकारांसकट. फक्त नाव बदलायचं राहिलं.

"घाई नाही. निवांत होऊ दे," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

नावाच्या रकान्यात त्याने इतक्या जोरात टाइप केलं की शेजारच्या बाईंनी मान वर केली. निवांत.

पाचला दहा कमी असताना पडदा हिरवा झाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पडद्यासमोर स्वतःचा फोटो काढून घेतला आणि तो अकराशे चाळीस जणांना पाठवला. अकराशे एक्केचाळीस, खरं तर.

बुधवारी चहाच्या काकांनी त्याच्या टेबलावर दोन कप ठेवले.

"हा दुसरा कोणाचा?"

"निवांतरावांचा. बिनसाखरेचा, कडक. तुमच्यासारखाच की."

"काका, असा माणूस नाहीये."

"यादीत आहे. यादीत आहे त्याला चहा द्यायचा, नाही त्याला द्यायचा नाही. मागे त्या नव्या मॅडम तीन दिवस बिनचहाच्या बसल्या होत्या, विसरलात?"

चहाची यादी डिरेक्टरीतून निघते, हे जमदग्नीला ठाऊक होतं. यात गूढ काही नव्हतं, मूर्खपणा होता, आणि मूर्खपणाची त्याला सवय होती. तो खाली यंत्रांच्या खोलीत गेला. अर्ध्या तासाने परत आला तर दुसरा कप रिकामा होता. कोणीतरी मेल्याने ढापला असेल. त्याने कप बाजूला सरकवला आणि थांबला. तळाशी एक घोट शिल्लक होता. शेवटचा घोट ठेवायची सवय त्याची स्वतःची. बायको त्यावरून लग्नापासून बोलत आली होती.

गुरुवारी एचआरकडून पाकीट आलं. त्यात निवांतरावांचं ओळखपत्र होतं. फोटो त्याचाच, अकरावा रकाना. पण त्याच्या स्वतःच्या ओळखपत्रावरच्या फोटोत दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी होती, खिळा ठोकावा तशी. या फोटोत ती नव्हती. शर्ट तोच, कॉलरचा दुमडलेला कोपरा तोच, मागची भिंत तीच. कपाळ कोरं.

तो पाकीट घेऊन एचआरच्या बाईंकडे गेला.

"मॅडम, हे खातं खोटं आहे."

"खोटी खाती आम्ही बनवत नाही, सर."

"मी बनवलंय!"

"मग ते खरंच असणार. तुम्ही कशाला खोटं बनवाल?" बाई गोड हसल्या. "फोटो छान आलाय हं. विश्रांती मिळाल्यासारखे दिसताय."

तेव्हाच ते खातं काढून टाकायला हवं होतं. दोन क्लिकचं काम. पण ते काढलं की पडदा लाल होणार, नवा खोटा माणूस बनवेपर्यंत तास जाणार, आणि साहेबांचे पाहुणे चार वाजता. तो मनातल्या मनात साहेबांच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, उद्या.

संध्याकाळी घरी बायकोने दार उघडलं आणि ती हसली. दार उघडताना ती हसत असे, त्याला काही वर्षं झाली होती.

"दुपारी मेसेज वाचून बरं वाटलं."

"कुठला मेसेज?"

"म्हणजे आता नाही म्हणणार?" तिने फोन पुढे केला. 'आज वेळेवर याल का?' असं तिने नेहमीप्रमाणे विचारलं होतं. यावर त्याचं नेहमीचं उत्तर 'बघतो' असे, किंवा काहीच नसे. आज त्याच्या नंबरवरून उत्तर होतं: 'नक्की येतो. तू दमली असशील. येताना काही आणू का?' वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

तीन वाजून दहा मिनिटांनी तो गुडघ्यांवर बसून केबलच्या जंजाळात हात घालून शिव्या देत होता. फोन वर टेबलावर होता. त्याने स्वतःचा फोन तपासला. असा कोणताही मेसेज त्यात नव्हता.

फोन नंबर सातवा रकाना.

आता सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात टेबलावरून मुलीने मान वर केली. तिच्या हातात काडी होती, आणि ती त्याच्याकडे बघत होती. नुसती नजर टाकून वळली नाही, बघत होती.

"हो ना," तो म्हणाला. "सुचलं आपलं."

यानंतर त्याने ते खातं काढलं नाही. साहेबांचं कारण त्याला पुरत होतं, आणि खरं कारण त्याने स्वतःलाही विचारलं नाही. रोज दुपारी त्याच्या नंबरवरून घरी काहीतरी गोड जाई, आणि रोज संध्याकाळी तो आयत्या शांततेत जेवायला बसे. शनिवारी बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रविवारी मुलगी म्हणाली, "अरे बाबा, ती चिमट्याची जोडी दे." पहिल्या शब्दावर त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. चिमटे त्याने तिच्याकडे न बघता पुढे केले. दुसऱ्याच्या ताटातलं जेवणारा वर बघत नाही तसं.

नव्या आठवड्यात सोमवारच्या बैठकीचं टिपण आलं. त्यात लिहिलं होतं: 'निवांतराव यांनी सुचवलेला मार्ग सर्वांना पटला.' मार्ग म्हणजे जुनी यंत्रं टप्प्याटप्प्याने बदलणं. आठ महिने तो ज्याबद्दल घसा कोरडा करत होता तेच, शब्दाला शब्द.

"हे मी म्हणालो होतो!" तो साहेबांच्या खोलीत शिरला. "त्या बैठकीत दुसरं कोणी बोललंच नाही. मी बोलत होतो, टेबलावर हात आपटून!"

साहेबांनी मान वर केली. नजर त्याच्यावरून सरकून दाराकडे गेली, मग परत आली, जरा शोधत.

"हां, तुम्ही आहात. बसा. नाही, असं बघा, कोण म्हणालं याला महत्त्व नाही. पण त्यांची मांडण्याची पद्धत! आणि हे बघितलंत का?" त्यांनी संगणक वळवला. "आठवडाभरात दोन हजार वेळा लॉगिन. एकदाही चूक नाही. तुमच्या खात्यावर अकरा वेळा चुकीचा पासवर्ड."

"मी चिडून टाइप करतो म्हणून!"

"तेच म्हणतोय ना मी," साहेब हळुवार म्हणाले आणि कपाळ पुसलं. "काय उकडतंय हो आज. एसी चालू आहे ना?"

बाहेर मोठ्या पडद्यावर टेबलाचा चौकोन आता एकतीस दाखवत होता. ऑफिसात त्यावरून कुजबुज सुरू झाली होती. "आज एकतीस." "काल बैठकीनंतर चौतीस गेला होता, मी बघितलं." "खुर्चीवर कोणी नसतानासुद्धा?" "होता की. म्हणजे, असेल. कोण बसतं तिथे?"

हे शेवटचं शेजारच्या बाई बोलल्या. बारा वर्षं त्या त्याच्या शेजारी बसत होत्या.

मंगळवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गोंदाची नवी बाटली होती.

"बरं झालं तू आणलास," मुलगी म्हणाली. "जुना संपलाच होता. आणि तू म्हणालास तसा मधला खांब आधी उभा केला. बघ, हलत नाही."

"मी कधी..."

"चार वाजता. किती लवकर आला होतास आज! मग परत कुठे गेलास?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते त्याच्याकडे बघून आलेलं नव्हतं. आधीपासून होतं, आणि त्याला बघून कमी होत होतं.

"तुम्हाला बरं नाही का?" तिने विचारलं. "दुपारी किती छान दिसत होतात."

पूल सुरेख झाला होता. मधला खांब खरोखरच पक्का होता. त्याला तसा सल्ला कधीच सुचला नसता. तो आत गेला, न्हाणीघराचं दार लावलं, टॉवेल तोंडात कोंबला आणि त्यात ओरडला. बाहेर आला तेव्हा आरशावर वाफ धरली होती. त्याने गरम पाणी सोडलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पहिलं काम म्हणून त्याने निवांतरावांचं खातं उघडलं आणि 'काढून टाका' दाबलं.

'या कृतीचा अधिकार आपणास नाही.'

पुन्हा दाबलं. तेच. त्याने आपले अधिकार तपासले. डिरेक्टरी उभारली त्या दिवसापासून ज्या गटात त्याचं नाव पहिलं होतं, त्या गटात आता एकच नाव होतं. बदल कोणी केला, या ओळीत तेच नाव. वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

तो खाली धावला. सॉफ्टवेअरच बंद केलं की खोटा माणूस बंद, हे सरळ होतं. ते ज्या यंत्रावर चालत होतं त्याची वायर त्याने उपटली. पडद्यावर पाळत थांबली, सगळे चौकोन राखाडी झाले. पाच मिनिटं तो घड्याळाकडे बघत उभा राहिला. मग डिरेक्टरीची नोंदवही उघडली. ठरल्या मिनिटाला निवांतराव आला होता. चारही दारांतून आत, एक ओळ वाचली, बाहेर. त्याला पाठवणारं आता काही चालू नव्हतं.

कोणती ओळ, हे त्याने इतक्या दिवसांत बघितलंच नव्हतं. आता बघितलं. सव्विसावा रकाना. संकटसमयी कोणाला कळवावं. त्याच्या बायकोचं नाव आणि घरचा पत्ता, दर पाच मिनिटांनी, नऊ दिवस.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता एचआरच्या बाईंचं डिरेक्टरीच्या वार्षिक सफाईचं काम निघालं. एक कर्मचारी क्रमांक, एक फोन, एक रक्तगट, एक चपलेचं माप, आणि खाती दोन. असं आढळलं की एक ठेवायचं. कोणतं, हे त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी फोनवरच सांगितलं, त्यांना वेळ नव्हता.

"जे नियमित आहे ते ठेवा."

जमदग्नी तेव्हा यंत्रांच्या खोलीबाहेर होता. दाराचा दिवा लाल झाला. त्याने कार्ड घासलं. लाल. जिन्याने वर आला. ऑफिसच्या काचेच्या दाराला कार्ड लावलं. लाल.

त्याने काचेवर मूठ आपटली.

आत दोन जणांनी दाराकडे बघितलं आणि परत मान खाली घातली. त्याने दोन्ही हातांनी काच बडवली. नऊ वर्षांचं सगळं ओरडला: यंत्रं, पत्रं, बैठका, चहा, मूल्यमापन. साहेबांना नाव घेऊन हाक मारली, आणि ज्या नावाने त्यांना मागे ओळखत त्या नावानेही मारली.

शेजारच्या बाई उठून आल्या. काचेजवळ उभ्या राहिल्या. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. त्यांनी काचेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"अगंबाई, केवढी तापलीये," त्या आत वळून म्हणाल्या. "एसीवाल्यांना बोलवा कोणी."

त्यांच्या मागे मोठा पडदा पुन्हा सुरू झालेला दिसत होता. सगळे चौकोन हिरवे. एकच पिवळा. टेबल: ४३ अंश.

साहेब पडद्यासमोर आले. डोकं एका बाजूला करून त्यांनी तो चौकोन बघितला.

"हे कशाला हवंय?" त्यांच्या ओठांवरून त्याला कळलं. "काढून टाका."

कोणीतरी काढून टाकलं.

पडदा पूर्ण हिरवा झाला.

त्याची खुर्ची मागे सरकवलेली होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. टेबलावर कप होता.

तो खाली आला तेव्हा फाटकावरचा पहारेकरी दुसऱ्या पहारेकऱ्याला सांगत होता, "निवांतराव आत्ताच गेले बघ. मुलीचा पूल पुरा व्हायचाय म्हणाले. काय माणूस आहे. रोज थांबून विचारपूस करतो."

जमदग्नी धावला.

भर उन्हात, गर्दीच्या रस्त्याने धावला. समोरून येणारी माणसं त्याला वाट देत नव्हती, आणि त्याला कोणाचा धक्काही लागत नव्हता. फक्त तो जवळून गेला की काही जण कॉलर सैल करत. एका बाईने कडेवरच्या बाळाच्या डोक्यावर पदर धरला. सिग्नलपाशी त्याने शिवी हासडली तेव्हा फळवाल्याने वर, सूर्याकडे बघितलं.

तीन जिने. दार.

त्याने किल्ली काढली. ती कुलपात गेली, पण फिरली नाही.

आतून बोलण्याचा आवाज येत होता. बायको हसत होती. पूर्वीचं, लग्नानंतरच्या वर्षांतलं हसणं. दोन आठवड्यांत घरात एकदाही आवाज चढला नव्हता. त्याने शब्द पाळला होता.

त्याने बेल दाबली. वाजली की नाही कळलं नाही. त्याने दारावर थाप मारली.

"अहो, दारात कोणी आहे का बघता?" बायको म्हणाली.

पावलं आली. सावकाश. दाराच्या मधल्या काचेच्या भोकातला उजेड गेला, आणि बराच वेळ गेलेलाच राहिला.

मग परत आला.

"कोणी नाही," आतून आवाज आला. त्याचाच आवाज. त्याने तो स्वतः कधी या सुरात ऐकला नव्हता. "चल पिल्लू, शेवटची काडी."

"तू लाव ना, बाबा."

"दोघं मिळून लावू."

तो ओरडला. जितकं आत होतं तितकं सगळं. मुलीचं नाव, बायकोचं नाव, मी आहे, मी इथे आहे, तो मी नाही. दाराचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला. पितळी पाटीवर त्याचं आडनाव होतं. तिला हात लावला तर तिच्यावर घाम आल्यासारखे थेंब होते.

आत खुर्ची सरकली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "दाराजवळ किती गरम लागतंय रे."

"लागणारच. थांब, पंखा लावतो."

"हळू लाव हं. पूल हलेल."

"हळूच लावतो."

बटणाचा आवाज आला. पाती फिरू लागली, आधी एकेक ऐकू येत होतं, मग एकसंध. दाराखालच्या फटीतून गार हवेची झुळूक बाहेर आली आणि जिन्याकडे गेली. वाटेत तिला काही लागलं नाही.